डोक्यावरचा गळीत हंगाम

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत राहणाऱ्या माझ्या वैनी विंचरताना निघालेले केस टाकून देत नाहीत. बोटाभोवती गुंडाळी करायची आणि दाराआडच्या खिळ्याला लटकवलेल्या कॅरीबॅगेत कोंबायची, ही त्यांची सवय. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की ती पिशवी तिच्या हवाली होते आणि बदल्यात एखादी गाळणी किंवा छोटी वाटी मिळते. एरवी पिशवी भरायला वर्षभर लागायचं. २०१९ च्या दिवाळीत ती तीन आठवड्यांत भरली.

"वाटीचं काय घिऊन बसलीस," वैनी मला म्हणाल्या, "डोक्याचीच वाटी दिसाय लागली. लई घाबरलो बघ मी." (आमच्याकडे बायकाही 'आलो', 'गेलो', 'घाबरलो' म्हणतात. मीही बोलताना तेच म्हणते, लिहायला बसले की तेवढी शुद्ध होते.)

घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. दादाच्या मते बोअरचं पाणी. आईच्या मते तेल लावायचं बंद केल्याचा परिणाम. शेजारच्या काकूंनी नजर काढायला सांगितली, पार्लरवालीने हेअर स्पाचं पॅकेज काढलं. सगळ्यांचं लक्ष ऑक्टोबरवर होतं. ऑगस्टचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा त्यांच्या घरात छातीएवढी चढली होती. वैनी आठवडाभर पाहुण्यांकडे, मग महिनाभर गाळ उपसण्यात, मधे चार दिवस सणकून ताप, आणि जेवण म्हणजे जे हाताला लागेल ते. या सगळ्याचा हिशोब दिवाळीत त्यांच्या कंगव्यात आला होता.

बायकांचे केस का जातात हे समजून घ्यायचं तर हा अडीच-तीन महिन्यांचा उधारीचा हिशोब आधी समजावा लागतो. मला तो उसातून समजला. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून परत कोंब फुटतात. त्याला आपण खोडवा म्हणतो. टाळूच्या कातडीतही प्रत्येक केसाचा असा एक बुडखा असतो, पुस्तकी भाषेत केशकूप. केस गळतो तेव्हा वरचा ऊस जातो, कूप जागच्या जागी राहतो. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की "मुळासकट आला गं" म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. तो ठिपका म्हणजे वाढ थांबलेल्या केसाचं सुकलेलं बोंड. तो दिसतोय याचा अर्थ केसाने आपला हंगाम पुरा केला आणि वेळ झाल्यावर जागा सोडली, इतकाच.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा-सात वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते आणि तो जवळपास तीन महिने नुसता उभा राहतो. हा ऊस पक्व झाला आहे, तोडणीची चिठ्ठी निघाली आहे, पण तोडणारी टोळी अजून फडात यायची आहे. तीन महिन्यांनी खालून नवा कोंब सरकायला लागतो तसा जुना केस सुटतो. कारखान्याच्या हद्दीत सगळ्यांची लागण एकाच दिवशी झालेली नसते. कुणाचा ऊस आडसाली, कुणाचा पूर्वहंगामी, कुणाचा सुरू. म्हणून शिवार एकदम उघडं पडत नाही. डोक्यावरही प्रत्येक कुपाचं वेळापत्रक वेगळं. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात आणि उरलेले चिठ्ठी हातात घेऊन उभे असतात.

आता साधा गुणाकार. लाखातले दहा टक्के म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत सुटायचे, म्हणजे दिवसाला शंभर. डॉक्टर "रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक" म्हणतात ते याच हिशोबाने. आठवड्यातून एकदाच न्हाणारीच्या जाळीवर त्या दिवशी कितीतरी दिवसांचा साठा एकत्र येतो. आणि कमरेएवढे पन्नास केस बोटाएवढ्या पन्नास केसांपेक्षा फार मोठे दिसतात. त्यामुळे केस मोजत बसू नये. आपल्या नेहमीच्यापेक्षा किती जास्त, एवढंच बघावं.

शरीरावर मोठं संकट आलं की ते खर्चात कपात करतं. केस वाढवणं हे शरीराच्या लेखी चैनीचं काम आहे, जगायला त्याची गरज नाही. मग एरवी वेगवेगळ्या वेळी थांबणारे कितीतरी कूप एकाच वेळी थांबतात. दहा टक्क्यांच्या जागी समजा तीस टक्के केसांच्या चिठ्ठ्या एकाच आठवड्यात निघाल्या. त्या दिवशी डोक्याला काही कळत नाही, केस उभेच असतात. टोळी येते दोन-तीन महिन्यांनी, आणि तेव्हा रोज शंभरच्या जागी तीनशे. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. बायकांचे केस अचानक, मूठमूठ, सगळ्या डोक्यावरून जायला लागले तर बहुतेक वेळा प्रकार हाच असतो.

डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, रक्तस्राव, झटपट वजन उतरवणारं डाएट, घरातला मृत्यू, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, काही औषधं नव्याने सुरू होणं, यांतलं काहीही निमित्त ठरू शकतं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पावसाळ्यात घराघरांत केस गळायला लागले आणि बायका घाबरून गेल्या, तेव्हाही आधीच्या दोन-तीन महिन्यांतला ताप कुणाच्या ध्यानात नव्हता. म्हणून केस गळायला लागले की बाथरूममधल्या बाटल्यांकडे बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर तीन पानं मागे उलटावं. लग्नसराईच्या आधी दीड महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या मुली तर हमखास फसतात. लग्नातल्या फोटोंत केस छान असतात, गळायला लागतात सासरी, आणि बोल लागतो सासरच्या पाण्याला.

बाळंतिणीचंही असंच, फक्त दिशा उलटी. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि ते केसांना वाढीच्या टप्प्यात धरून ठेवतं. ज्यांनी त्या नऊ महिन्यांत गळायचं तेही थांबून राहतात, म्हणून तेव्हा केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ते संप्रेरक उतरतं, अडलेल्या सगळ्यांना एकदम चिठ्ठी मिळते आणि दोन ते चार महिन्यांनी गळती सुरू होते. आमची आजी म्हणायची, बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. कारण तिचं चूक होतं, पण वेळ किती अचूक! बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्वपदावर येतात. तोवर बाळंतिणीला "तेल लावत नाहीस म्हणून" असं टोचून बोलणाऱ्यांना आधी चार रात्री बाळ सांभाळायला द्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

निमित्त गेलं की ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप आवरते. या काळात जे तेल, जो शाम्पू, जी पुडी चालू असेल, श्रेय तिला मिळतं. जाहिरातींतल्या कितीतरी 'मला फरक पडला' यांच्या मागे हेच गणित असतं. पण सहा महिने उलटूनही केस थांबत नसतील तर संकट गेलेलं नाही, ते शरीरात मुक्कामाला आहे. अशा वेळी सगळ्यात आधी संशय घ्यावा लोहाचा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तांबडा-पांढरा रस्सा मिरवणाऱ्या आमच्या जिल्ह्यातही ताटातलं राजकारण ठरलेलं असतं. मटणाच्या फोडी पहिल्या पंगतीला, बायकांच्या वाट्याला भांड्याच्या तळाचा रस्सा. मांसातलं लोह शरीराला सहज घेता येतं, पालेभाजी-कडधान्यातलं कमी, आणि त्यातही जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं बरंच वाया जातं. उलट पानात लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं. दर महिन्याला पाळीतून लोह जातं ते वेगळंच. पाळी सात-आठ दिवस चालते, पॅड दोन-दोन तासांनी बदलावं लागतं, आणि वर्षानुवर्षं "माझं असंच आहे" म्हणून बाई गप्प असते.

इथे एक बारकी गोष्ट. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातला डबा, फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची कणगी. धान्य कमी पडायला लागलं की आधी कणगी रिकामी होते, डबा शेवटी. म्हणून हिमोग्लोबिन बारा असूनही फेरिटिन अगदी तळाला असू शकतं. लॅबच्या कागदावर फेरिटिनची खालची हद्द बऱ्याचदा दहा-पंधराच्या आसपास छापलेली असते आणि तिच्या जरा वर आकडा असला की 'नॉर्मल' म्हणून कागद परत मिळतो. केसांचे बरेच डॉक्टर मात्र तीस-चाळीसच्या खाली आकडा असेल तर लोह सुरू करतात. नेमका किती आकडा केसांना पुरतो यावर त्यांच्यात अजून वाद आहेत. शिवाय अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन उगाच जास्त दिसतं, म्हणून तो कागद एकटा वाचायचा नाही.

वैनींचं फेरिटिन ९ निघालं. "रोज गूळ-शेंगदाणे खातो की मी," त्या म्हणाल्या. आमच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मला अभिमान आहे, पण रिकामी कणगी गुळाच्या खड्याने भरत नाही. तेवढं लोह मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल त्याने साखरच वाढेल. गोळ्या तीन ते सहा महिने, डॉक्टर सांगतील तशा घ्याव्या लागतात. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेऊ नये, दोन्हींत काही तास अंतर ठेवावं. आणि तपासणी न करता कुणीही लोह गिळू नये, कारण जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

लोहाच्या जोडीने थायरॉइड बघतात. तो मंदावला किंवा भडकला, दोन्हीत केस पातळ होतात, आणि रक्ताच्या एका तपासणीत अंदाज येतो. शाकाहारी घरांत बी-१२, आणि दिवसभर घरात-ऑफिसात असणाऱ्यांत ड जीवनसत्त्व.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं मात्र सांगायलाच हवं, कारण केमिस्टच्या काउंटरवर त्याच्या गोळ्या चॉकलेटसारख्या विकल्या जातात. नीट जेवणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता दुर्मीळ असते आणि कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. वर आणखी खोडी अशी की ते रक्ताच्या काही तपासण्यांत लुडबुड करतं. थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही चुकू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. म्हणजे बाई केसांसाठी बायोटिन घेते, केसांसाठीच थायरॉइड तपासते, आणि बायोटिनमुळे थायरॉइडचा कागद चुकतो. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना हे सांगावं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम तर जास्त झालं तर केस घालवतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत माणसांना टक्कल पडायला लागलं, तेव्हा आधी पाण्यावर, बुरशीवर बोट दाखवलं गेलं आणि मग चर्चा सेलेनियमवर येऊन थांबली. 'केसांसाठी चांगलं' असं लिहिलेल्या डब्यावर सेलेनियमचं नाव दिसलं की मला ती गावं आठवतात.

आतापर्यंत बोलले ते केस *गळण्या*बद्दल. केस *विरळ होणं* ही वेगळी भानगड, आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो म्हणून घोळ होतो. अनेक बायका येऊन सांगतात, "गळत तर फार नाहीत, पण भांग रुंद दिसतोय." अंबाड्याचा गोळा लहान झालाय, रबराला दोनऐवजी तीन वेढे लागतात, उन्हात टाळूला चटका बसतो. कपाळाची कड बहुधा जागेवर असते, विरळपणा भांगाच्या दोन्ही बाजूंना पसरत जातो, पुढे जास्त आणि मागे कमी. १९७७ मध्ये लुडविग नावाच्या डॉक्टरांनी या प्रकाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरतात. पुरुषांसारखा गुळगुळीत चंद्र बायकांना सहसा पडत नाही.

इथे पुन्हा उसाकडे यावं लागेल. पहिल्या लागणीचा ऊस मनगटाएवढा, खोडवा त्याहून बारीक, निडवा, म्हणजे खोडव्याचा खोडवा, आणखी बारीक. काही कुपांचं असंच होतं. दर हंगामात उगवणारा केस आधीपेक्षा बारीक, आणि वाढीचा काळही आखूड, म्हणून तो लांबही होत नाही. शेवटी नुसती लव उरते. कूप तिथेच असतो, उगवतोही, पण टाळू झाकेल असा ऊस येत नाही. शेतकरी दोन-तीन खोडव्यांनंतर फड मोडून नवी लागण करतो. कुपाची ती सोय नाही.

हे घडतं आनुवंशिकतेने. 'आईच्या बापाचं टक्कल नातवात येतं' ही समजूत अर्धवट आहे, जनुकं दोन्हीकडून येतात आणि एकाहून जास्त असतात. पुरुषांत अँड्रोजेन या संप्रेरकांचा हात स्पष्ट आहे. बायकांत तेवढा स्पष्ट नाही, कारण विरळ केसांच्या बहुतेक स्त्रियांचे संप्रेरकांचे आकडे चक्क ठीक येतात. पाळी जाण्याच्या सुमाराला हा प्रकार उघडा पडतो, पण पंचविशीतही सुरू होऊ शकतो. पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं थांबत नाहीत आणि भांग रुंदावतोय, असं सगळं एकत्र असेल तर पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडवणारा बीजांडकोशांचा विकार, तपासायला हवा. अशा वेळी त्वचेच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञही लागतात. आवाज जाड होणं, काही महिन्यांत झपाट्याने राठ केस येणं, हे दिसलं तर मात्र अजिबात थांबू नये.

या विरळपणावर सगळ्यात जास्त पुरावा असलेलं औषध आहे मिनॉक्सिडिल, आणि त्याची जन्मकथा मजेशीर आहे. ते मुळात रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर केस उगवायला लागले तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की दुष्परिणामच विकता येईल. अमेरिकेत ते टाळूवर लावायला पुरुषांसाठी १९८८ मध्ये आणि बायकांसाठी १९९१ मध्ये मंजूर झालं. आता त्याची अगदी कमी मात्रेची गोळीही डॉक्टर देतात. लावायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस *जास्त* गळू शकतात. औषध थांबलेल्या कुपांना जागं करतं आणि नवा कोंब जुन्याला ढकलतो. इथेच निम्म्या बायका बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात, आणि औषध बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत परत जातं. म्हणजे हे पाहुणं औषध नाही, घरजावई आहे. गरोदर असताना, राहायचा विचार असताना किंवा अंगावर पाजत असताना ते वापरायचं नाही. घरात मांजर असेल तर सांडलेलं औषध लगेच पुसावं, मांजरांना ते विषारी असतं. आणि नवऱ्याची टकलावरची फिनास्टराइडची गोळी "त्याला फरक पडला" म्हणून आपण घेऊ नये. पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या घडणीला ती धोका करते.

राजारामपुरीत हल्ली दर दोन-तीन गल्ल्यांना एक स्किन क्लिनिक आहे आणि तिथे आपलंच रक्त फिरवून टाळूत टोचण्याचे, म्हणजे पीआरपीचे, दर लावलेले असतात. काहींना त्याचा उपयोग होतो. पण ते करायची पद्धत जागोजागी वेगळी, पुरावे अजून विस्कळीत, आणि फेरिटिन ९ असताना पहिल्याच भेटीत कुणी सहा सुयांचं पॅकेज सांगत असेल तर चप्पल पायात घालावी. कोल्हापुरी असली तर उत्तम.

केस ओढून घालवण्याचं कामही आपण करतो. महाद्वार रोडवर गजरा घेतला की तो माळायला अंबाडा घट्ट हवा, ऑफिसात मान ताठ दिसायला पोनी घट्ट हवा, शाळेत रिबिनीच्या दोन वेण्या तर इतक्या आवळलेल्या की पोरींच्या भुवया वर जायच्या. रोज ओढ बसली की कानशिलाजवळचे, कपाळाच्या कडेचे केस आधी जातात. ग्रीनलंडमधल्या बायकांत घट्ट बांधलेल्या केसांमुळे हे होतं अशी नोंद १९०७ इतकी जुनी आहे. सुरुवातीला बांधण सैल केली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर कूप मरतो आणि तिथे व्रण होतो. जटेच्या वजनाची ओढ हा याचाच टोकाचा प्रकार. न विंचरलेले केस तेल-मळाने एकमेकांत गुंततात, त्यात देवीचं काहीही नसतं. पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने आमच्या सीमाभागातल्या कितीतरी बायकांनी किलो-किलोची जट आयुष्यभर मानेवर वागवली. जट कापायला तयार झालेल्या बाईची मान पहिल्यांदा हलकी होते तेव्हा ती दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपते.

चाई वेगळी. रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा, एका रात्रीत पडल्यासारखी. 'किडा लागला' म्हणून तिथे लसूण घासून कातडी भाजून घेणारे आजही आहेत. किडा कुठेच नसतो. आपलीच प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. लहान चट्टे कितीदा वर्षभरात आपोआप भरतात, नाहीतर तिथे स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सगळं डोकं जाणाऱ्या गंभीर चाईसाठी २०२२ पासून गोळ्याही मिळाल्या आहेत, मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायच्या. टाळूला आग, खाज, दुखणं, खपल्या आणि केस गेलेली जागा चकचकीत, शिवाय भुवया विरळ, असं दिसलं तर तिथे कूपच व्रण होऊन मिटत असतात. या प्रकारात 'बघू दिवाळीनंतर' फार महागात पडतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, खर्चाची भीती वाटत असेल तर तिथे जावं.

आता दादाच्या बोअरच्या पाण्याबद्दल. जड पाण्याने केस राठ होतो, गुंततो, मधेच तुटतो. कंगव्यात आखूड, दोन्ही टोकांना बोंड नसलेले तुकडे दिसले तर ते तुटलेले. इस्त्री, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत जोरात फिरवलेला कंगवा, यांचं काम तेच. पण कातडीखालच्या कुपाला पाणी बंद पाडतं असं म्हणायला आधार नाही. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने केस थांबतील म्हणून उपवास धरला होता. पाणी गोड होतं. तिचा थायरॉइड होता तिथेच होता.

आणि तेल. खोबरेल केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना होणारी तिच्यातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून तेल लावलेला केस कमी तुटतो. पण ते उसाच्या कांड्याला लावल्यासारखं. बुडख्याला त्याने खत मिळत नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डोकं चोळून घ्यायचं सुख काय दुकानात मिळतंय?" तिच्या या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

डॉक्टरांकडे जाताना केसांची पिशवी नेऊ नका, ते मोजत नाहीत. ते टाळूच्या पन्नास-साठ केसांचा झुबका चिमटीत धरून हलकेच ओढतात आणि किती हातात येतात ते बघतात. दोन-चार आले तर ठीक, सहाच्या वर आले तर गळती चालू आहे. मग भांग पाडून पुढचा आणि मागचा पडताळतात. म्हणून त्या दिवशी तेल लावून किंवा सकाळीच न्हाऊन जाऊ नये. न्यायचं असेल तर गेल्या सहा महिन्यांतल्या तापांच्या, ऑपरेशनांच्या, गोळ्यांच्या तारखा न्या, पाळीच्या तारखा न्या, आणि दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो न्या ज्यात भांग दिसतोय. लग्नातले फोटो यासाठी निरुपयोगी, त्यात भांगावर बिंदी असते.

वैनींची गळती फेब्रुवारीत थांबली. मार्चमध्ये कपाळावर, भांगात आखूड केस उभे राहायला लागले आणि त्या नव्या काळजीत पडल्या. "बसतच न्हाईत गं ही, पाण्यानं बशीव, तेलानं बशीव." ते नवे कोंब होते. दर महिन्याला सेंटीमीटर या वेगाने वेणीच्या टोकापर्यंत पोचायला त्यांना पाच-सहा वर्षं लागणार होती.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत घरात आलं. ते उतरल्यावर मी गाळ काढायला गेले होते. हॉलच्या भिंतीवर २०१९ ची रेघ रंगाखालून अजून दिसत होती, तिच्याजवळ नवी. वैनी पदर खोचून, पाठमोऱ्या बसून फरशी घासत होत्या. वेणी वरून वीतभर चांगली जाड, आणि तिथून खाली एकदम बारीक शेपटी. वेणीवरही त्या वर्षाची रेघ होती. दाराआडच्या खिळ्याला कॅरीबॅग नव्हती, ती पाण्यात गेली होती. मी डायरीत तारीख लिहून ठेवली आणि ऑक्टोबरच्या पानाला दुमड घातली.